गरम पाण्याने घास उतरतो, गार पाण्याने अडकतो: अन्ननलिकेचं हे गणित नेमकं काय आहे?

संध्याकाळी सात-साडेसातची वेळ. चर्चगेटहून सुटलेली लोकल भाईंदरला रिकामी होते. दीड तास उभ्याने प्रवास केलेली माणसं स्टेशनबाहेर येतात. कोणी थेट गार पाण्याची बाटली तोंडाला लावतं, कोणी टपरीवर कटिंग घेतं आणि रिक्षाची रांग पुढे सरकायच्या आत ती संपवतं. बर्फासारखं गार आणि चटका बसेल इतकं गरम, दोन्ही काही सेकंदांत पोटात जातं.

बहुतेकांना याचा काही त्रास होत नाही. पण काहींना गार पाण्याचा पहिला घोट घेतला की छातीत कळ येते. काहींना जेवताना घास छातीच्या मधोमध अडकल्यासारखा वाटतो आणि वरून गरम पाणी प्यायलं की तो खाली उतरतो. मग घरात ताटाशेजारी गरम पाण्याचा तांब्या ठेवायची सवय लागते. "ॲसिडिटी आहे, गरम पाणी घेतलं की बरं वाटतं," असं म्हणत महिने जातात, कधी कधी वर्षंही.

त्यात मोबाईलवर रोज नवा सल्ला येतो. एका मेसेजमध्ये लिहिलेलं असतं की जेवताना गार पाणी प्यायल्याने तेल गोठतं आणि पुढे कॅन्सर होतो. दुसऱ्या रीलमध्ये सांगतात की गरम पाण्याने प्रत्येक आजार बरा होतो. करोनाच्या काळात गरम पाण्याने विषाणू मरतो असे मेसेज फिरले होते आणि ते चुकीचे असल्याचं सरकारी यंत्रणांना सांगावं लागलं होतं.

मग खरं काय? पेयाच्या तापमानाचा गिळण्यावर परिणाम होतो का? होतो, आणि तो मोजलाही गेला आहे. पण मेसेजमध्ये सांगतात तसा नाही.

घास खाली जातो कसा?

घास तोंडातून पोटात आपोआप घरंगळत जातो असं अनेकांना वाटतं. तसं असतं तर झोपून पाणी पिताच आलं नसतं. घसा आणि जठर यांच्यामध्ये साधारण २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी असते. तीच अन्ननलिका. घास गिळला की या नळीचे स्नायू वरून खाली क्रमाने आवळत जातात आणि घासाला पुढे ढकलतात. टूथपेस्टची ट्यूब वरून दाबत आणावी तसं. ही लाट खालपर्यंत पोचायला साधारण आठ-दहा सेकंद लागतात.

नळीच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं. ते दारासारखं काम करतं. एरवी ते बंद असतं, म्हणून जठरातलं आम्ल वर येत नाही. घास आला की ते सैल होतं, घास आत जातो आणि दार पुन्हा बंद होतं.

म्हणजे गिळण्यासाठी दोन गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात: वरून ढकलणारी लाट आणि खाली उघडणारं दार. हे सगळं अन्ननलिकेच्या भिंतीतल्या नसांचं जाळं सांभाळतं. तापमानाचा परिणाम याच दोन गोष्टींवर दिसतो.

गार पेयाने नेमकं काय होतं?

धडधाकट माणसाच्या अन्ननलिकेवरही गार पेयाचा परिणाम होतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी निरोगी लोकांना वेगवेगळ्या तापमानाचे घोट देऊन अन्ननलिकेतला दाब मोजला. गार घोटाने ढकलणारी लाट मंदावते, कधी कधी पूर्ण उमटतच नाही, असं त्यांना दिसलं.

भराभर आइस्क्रीम खाल्लं की छातीत कळ येते, तीही याच प्रकारातली. अन्ननलिका आवळली जाते म्हणून दुखतं, असा आधी समज होता. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उलटं चित्र दिसलं. कळ येत होती तेव्हा अन्ननलिकेची हालचाल थंडावली होती आणि ती फुगली होती. काही वेळात गारवा कमी होतो आणि सगळं सुरळीत होतं.

म्हणून निरोगी माणसाने गार पाणी प्यायलं तर काही बिघडत नाही. तेल गोठण्याची गोष्टही खरी नाही. जठरात गेलेलं पाणी थोड्याच वेळात शरीराच्या तापमानाला येतं आणि चरबी पचवण्याचं काम पुढे पित्त आणि पाचकरस करतात.

प्रश्न येतो तो ज्यांची लाट आणि दार आधीच बिघडलेलं आहे त्यांचा.

ॲकॅलेझिया म्हणजे काय?

अन्ननलिकेच्या हालचालीच्या आजारांपैकी सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला आजार म्हणजे ॲकॅलेझिया. यात अन्ननलिकेच्या भिंतीतल्या काही नसांच्या पेशी हळूहळू नष्ट होतात. लाट उमटत नाही आणि खालचं दार नीट सैल होत नाही. खाल्लेलं अन्न नळीतच साठून राहतं. नळी फुगत जाते. रात्री आडवं झाल्यावर न पचलेलं अन्न घशाशी येतं, ठसका लागतो, सकाळी उशी ओली असते. वजन उतरतं.

हा आजार नवा नाही. इंग्लंडमधल्या थॉमस विलिस या डॉक्टरांनी १७ व्या शतकातच अशा रुग्णाचं वर्णन केलं होतं. व्हेल माशाच्या हाडाच्या काठीला स्पंज लावून ते घास खाली ढकलत असत.

आजार दुर्मीळ आहे. जगभरातल्या अभ्यासांनुसार दर वर्षी लाखामागे साधारण एक-दोन नवे रुग्ण सापडतात. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदर महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती आणि त्यानंतर ती वाढलीच आहे. तेच प्रमाण इथे धरलं तर या एका शहरात दर वर्षी आठ ते सोळा जणांना हा आजार होत असावा. हा ढोबळ हिशेब आहे. पण नाक्यावरच्या डॉक्टरांकडे असा रुग्ण अनेक वर्षांत एखादाच येत असणार, हे त्यातून समजतं. छातीत जळजळ आणि घशाशी येणं म्हटलं की आधी ॲसिडिटीचं औषध दिलं जातं, ते यामुळेच. जगभर ॲकॅलेझियाचं निदान व्हायला अनेकदा वर्षं लागतात.

मग या रुग्णांना गरम पाण्याने आराम का पडतो?

गार खाल्लं-प्यायलं की त्रास वाढतो आणि गरम घेतलं की हलकं वाटतं, असं ॲकॅलेझियाचे रुग्ण पूर्वीपासून सांगत आले आहेत. १९९८ मध्ये अमेरिकेत आणि २०१२ मध्ये चीनमध्ये झालेल्या अभ्यासांत याला आधार मिळाला. रुग्णांच्या अन्ननलिकेत दाब मोजणारी बारीक नळी घालून त्यांना वेगवेगळ्या तापमानाचं पाणी दिलं गेलं.

गार पाण्याने खालच्या दाराचा दाब वाढला आणि अन्ननलिकेच्या खालच्या भागातलं आकुंचन लांबलं. गरम पाण्याने दाराचा दाब कमी झाला, ते सैल व्हायला मदत झाली आणि नळी लवकर रिकामी झाली. स्नायू उबेने सैलावतात, हे शेकताना आपण अनुभवतोच. इथे ते शरीराच्या आत घडतं.

म्हणजे "गरम पाण्याने घास उतरतो" असं सांगणारे रुग्ण मनाचं काही सांगत नव्हते. मात्र हे अभ्यास छोटे होते, आणि त्यांतून पुढे आलेली गोष्टही मर्यादित आहे. गरम पाण्याने त्या वेळेपुरतं दार सैल होतं. मेलेल्या नसा परत येत नाहीत, आजार पुढे सरकायचा थांबत नाही.

इथेच खरा धोका आहे. गरम पाण्याने आराम पडतो, म्हणून माणूस डॉक्टरांकडे जात नाही. आधी एक पेला पुरतो, मग दोन लागतात. मग पोळी सुटते, भात पातळ होतो, लग्नाकार्यात जेवायला बसणं टाळलं जातं. घरच्यांना वाटतं, वयामुळे भूक कमी झाली. तोवर नळी इतकी फुगते की उपचारांचा फायदाही कमी मिळतो.

घास अडकणं म्हणजे प्रत्येक वेळी ॲकॅलेझियाच का?

नाही. म्हणूनच तपासणी करावी लागते. काही फरक मात्र घरीही लक्षात येऊ शकतात.

घन आणि पातळ दोन्ही पदार्थ सुरुवातीपासून अडकत असतील, तर हालचालीच्या आजाराची शक्यता जास्त. आधी फक्त पोळी-भाकरी अडकू लागली, मग भात, मग पेज, असा त्रास काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढत गेला, तर नळीत अरुंदपणा येत असल्याची शंका घ्यावी लागते. असा अरुंदपणा जुन्या ॲसिडिटीच्या जखमांमुळे येतो, तसाच कॅन्सरमुळेही येतो. तंबाखू, गुटखा, बिडी-सिगारेट, दारू यांचं व्यसन असेल, तर एक दिवसही थांबू नये.

पाणी पिताना लगेच ठसका लागत असेल, पाणी नाकातून येत असेल, तर बिघाड बहुधा अन्ननलिकेत नसून घशात असतो. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये तो दिसतो. अशा रुग्णांमध्ये घशाला गार स्पर्श देऊन गिळण्याची क्रिया जागी करण्याचे व्यायाम काही तज्ज्ञ वापरतात. म्हणजे अन्ननलिकेच्या रुग्णाला जे त्रासदायक, तेच घशाच्या रुग्णाला उपयोगी ठरू शकतं. "गिळायला त्रास होतो? गरमच प्या" हा सरसकट सल्ला म्हणूनच चुकीचा आहे.

आणखी एक गोष्ट. छातीत कळ आली तर ती गार पाण्यामुळेच आहे असं गृहीत धरू नये. हृदयविकाराची कळही तिथेच येते. घाम, दम लागणं, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं अशी लक्षणं असतील, तर गरम पाणी पीत बसण्यात वेळ घालवू नये. थेट रुग्णालय गाठावं.

गरम चांगलं, तर मग कढत का नको?

याचं उत्तर टपरीवरच्या चहात आहे.

मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फ्रान्समधल्या ल्योन शहरात तज्ज्ञांची बैठक बोलावली. १० देशांतल्या २३ शास्त्रज्ञांनी चहा, कॉफी आणि इतर गरम पेयांवरचं संशोधन तपासलं. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेयांना त्यांनी "कर्करोगाला बहुधा कारणीभूत" या गटात टाकलं. दोष चहाचा किंवा कॉफीचा नाही, तापमानाचा, असं त्यांनी स्पष्ट केलं.

यामागे इराणच्या गोलेस्तान प्रांतातला अनुभव होता. तिथे अन्ननलिकेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या भागांइतकं आहे आणि चहा खूप गरम पिण्याची पद्धत आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की कोमट चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत अति गरम चहा पिणाऱ्यांना या कॅन्सरचा धोका आठ पटींच्या आसपास होता. चहा ओतल्यापासून दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांना धोका चार मिनिटं किंवा जास्त थांबणाऱ्यांपेक्षा सुमारे पाच पट होता.

पुढे त्याच भागात ५० हजारांहून अधिक लोकांवर साधारण दहा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्या चहाचं तापमान सुरुवातीलाच मोजून ठेवलेलं होतं. ६० अंश किंवा त्याहून गरम चहा रोज ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांमध्ये धोका सुमारे ९० टक्क्यांनी जास्त आढळला. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या साडेचार लाख लोकांच्या माहितीवरूनही असाच निष्कर्ष निघाला. दिवसाला आठपेक्षा जास्त कप अति गरम पेय पिणाऱ्यांमध्ये अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका साडेपाच पटींच्या आसपास होता. भारतात अन्ननलिकेचा जो कॅन्सर जास्त दिसतो, तो याच प्रकारचा.

हे आकडे वाचून घाबरायचं कारण नाही. मूळ धोका कमी असतो, त्यामुळे "पाच पट" म्हणजे टपरीवरच्या प्रत्येकाला कॅन्सर होणार असा अर्थ होत नाही. आपल्याकडे तंबाखू आणि दारू ही कितीतरी मोठी कारणं आहेत. पण चटका बसणारा चहा रोज अनेक वेळा, अनेक वर्षं घेतला तर अन्ननलिकेच्या अस्तराला पुन्हा पुन्हा इजा होते, हे या सगळ्या अभ्यासांचं सार आहे.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. ॲकॅलेझियाच्या रुग्णाला उबेने आराम पडतो, म्हणून तो पाणी अधिकाधिक गरम घेऊ लागतो. त्याच्या नळीत पेय जास्त वेळ थांबतं, म्हणजे चटकाही जास्त वेळ बसतो. शिवाय अन्न साठून राहिल्यामुळे या रुग्णांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका मुळातच इतरांपेक्षा जास्त असतो. ज्याला गरम पाण्याची सर्वांत जास्त गरज वाटते, त्यानेच कढत पाणी टाळायला हवं.

किती गरम चालेल?

घरात थर्मामीटर लावून कोणी चहा पीत नाही. साधी खूण अशी: फुंकर मारल्याशिवाय किंवा भुरका मारल्याशिवाय पिता येत नसेल, तर ते पेय फार गरम आहे. नुकताच उकळलेला चहा १०० अंशांच्या जवळपास असतो. तो कपात ओतून चार-पाच मिनिटं थांबावं. बशीत ओतून पिण्याची जुनी पद्धत इथे उपयोगी पडते. बशीत चहा पसरतो आणि लवकर निवतो.

गाडी चुकेल म्हणून कटिंग घशात ओतण्याऐवजी गार पाण्याचा थेंब टाकून घेतला तरी चालतं. चव थोडी पातळ होते, अस्तर वाचतं.

गिळायचा त्रास असलेल्यांनी जेवताना कोमट पाणी घ्यावं. पेला हातात सहज धरता येईल आणि घोट आरामात घेता येईल इतकंच गरम. ताठ बसून जेवावं, घास लहान घ्यावा, नीट चावावा. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये. उन्हाळ्यात फ्रिजऐवजी माठातलं पाणी अनेकांना सोसतं. पण हे सगळं तपासणी होईपर्यंतची आणि उपचारांच्या जोडीची काळजी आहे, उपचार नव्हे.

तपासणी कुठे आणि कशी होते?

दोन आठवड्यांहून जास्त काळ घास अडकत असेल, वजन उतरत असेल, रात्री अन्न वर येत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जाऊन "ॲसिडिटी" हा शब्द न वापरता नेमकं काय होतं ते सांगावं. घास कुठे अडकतो, घन अडकतं की पाणीही, किती दिवसांपासून, गार आणि गरम पेयांनी काय फरक पडतो. गरम पाण्याने घास उतरतो ही माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे. ती लपवू नये आणि तिच्यावर विसंबूही नये.

पहिली पायरी बहुधा एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी. तिच्यात कॅन्सर किंवा अरुंदपणा आहे का ते कळतं. पण ॲकॅलेझियाच्या सुरुवातीला दुर्बिणीत सगळं ठीक दिसू शकतं. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून विषय तिथेच संपवू नये. त्यानंतर बेरियमचं औषध पाजून एक्स-रे काढतात. त्यात अन्ननलिकेचं खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं निमुळतं दिसतं. निदान पक्कं होतं ते मॅनोमेट्रीने. नाकातून बारीक नळी घालून स्नायूंचा दाब मोजतात.

मीरा-भाईंदरकरांसाठी सुरुवात भाईंदर पश्चिमेच्या भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला टेंभा रुग्णालय म्हणतात तिथे, किंवा जवळच्या पोटविकारतज्ज्ञांकडे करता येते. मॅनोमेट्री सगळीकडे होत नाही. त्यासाठी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागून घ्यावी. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

उपचाराने बरं वाटतं का?

हो, बहुतेकांना पुष्कळ फरक पडतो. नसा परत आणता येत नाहीत, पण घट्ट झालेलं दार मोकळं करता येतं. फुगा घालून ते ताणतात, किंवा शस्त्रक्रियेने तिथले स्नायू कापतात. ही शस्त्रक्रिया जर्मनीच्या अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये पहिल्यांदा केली. आता ती दुर्बिणीतून होते. २००८ मध्ये जपानचे हारुहिरो इनोउए यांनी पोटावर छेद न देता तोंडातून दुर्बीण घालून तेच काम करण्याची पद्धत सुरू केली. तिला पोएम म्हणतात आणि ती आता भारतातही होते. उपचारांनंतर आम्ल वर येण्याचा त्रास होऊ शकतो, म्हणून पुढची काही वर्षं तपासणी चालू ठेवावी लागते.

आणि एक आणीबाणी लक्षात ठेवावी. घास पूर्ण अडकला आहे, थुंकीही गिळता येत नाही, अशा वेळी वरून गरम पाणी, केळं किंवा भाताचा गोळा ढकलू नये. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. लगेच रुग्णालयात जावं.

घरात कोणी जेवताना दर घासाला गरम पाणी घेत असेल, तर आज रात्री त्यांना एवढंच विचारा: हे किती दिवसांपासून चाललंय? उत्तर "बरेच महिने झाले" असं आलं, तर पाणी आणखी गरम करून देऊ नका. डॉक्टरांची वेळ घ्या.